आधी गाईड शोध, मग विद्यापीठ

पुण्यातून एम.ए. झालंय, लहान मुलांसोबतच काम करायचंय, तर अमेरिकेत क्लिनिकल चाइल्ड सायकॉलॉजीच्या पीएच.डी.साठी कुठे अर्ज करू, असं तू विचारलंस.

विद्यापीठांची यादी मी मुद्दामच देत नाही. इथे बहुतेक ठिकाणी प्रवेश मिळतो तो एका प्राध्यापकाच्या लॅबमध्ये. त्यांना त्या वर्षी विद्यार्थी घ्यायचा नसेल, तर तुझे गुण कितीही असोत, उपयोग नाही. मुदत बहुधा डिसेंबरच्या सुरुवातीला संपते. तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच त्यांचे अलीकडचे पेपर वाचून ईमेल कर.

अर्जात 'मला मुलं आवडतात' एवढं पुरत नाही. १९४९ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजीच्या शिक्षणावर बोल्डरला परिषद झाली, त्या बोल्डर परिषदेपासून इथल्या पीएच.डी.ची कल्पना अशी की, उपचार करणारा माणूस संशोधकही हवा. म्हणजे आठवड्यातले बरेच तास मुलांसोबत नव्हे, स्क्रीनसमोर जातात. माझं पहिलं वर्ष आई-मुलाच्या खेळाचे व्हिडिओ कोड करण्यात गेलं: प्रत्येक वाक्य कौतुक, प्रश्न की आज्ञा? दोन कोडरांचं पुरेसं जुळल्याशिवाय खरा डेटा हातात देत नाहीत. माझं जुळेना. 'खेळणी उचलशील का?' याला मी प्रश्न म्हणत होते. पद्धतीनुसार ती अप्रत्यक्ष आज्ञा होती. आपल्याकडे आई 'पसारा आवरायचा ना आता?' म्हणते, तेव्हा ती विचारत नसते, हे मला जन्मापासून ठाऊक. पण इंग्रजीत तेच ऐकू यायला दोन महिने लागले. मुलांचं निरीक्षण म्हणजे काय, ते मी तिथे शिकले.

दुसरी मोठी शिकवण संमतीची. पालकांची सही झाली तरी मूल कळत्या वयाचं असेल तर त्यालाही विचारायचं, आणि ते 'नको' म्हणालं तर थांबायचं. छळाचा संशय आला तर कळवावंच लागेल, हेही पालकांना आधीच सांगायचं. पालकांचा होकार म्हणजेच मुलाचा होकार, हे गृहीत मला तिथे सोडावं लागलं.

आता पैशांचं. चांगल्या पीएच.डी.त फी माफ असते आणि स्टायपेंड मिळतो, साय.डी.त (संशोधनापेक्षा उपचारांवर भर देणारी डॉक्टरेट) बहुतेकदा फी आपल्याच खिशातून. पण एनआयएचची (आरोग्य संशोधनाला पैसे देणारी अमेरिकी सरकारी संस्था) एफ-३१ ही पीएच.डी. विद्यार्थ्यांची फेलोशिप फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांना मिळते, विद्यापीठांना प्रशिक्षणासाठी मिळणाऱ्या तिच्या टी-३२ अनुदानातल्या जागांचंही तसंच. म्हणून मुलाखतीत स्पष्ट विचार: 'पाचही वर्षं परदेशी विद्यार्थ्याचा खर्च कशातून निघतो?' शेवटच्या वर्षाच्या इंटर्नशिपसाठी देशभरातून मॅच होतो, म्हणजे उमेदवार आणि जागा यांच्या पसंतीक्रमावरून जोड्या लावतात, त्यातही काही जागा नागरिकांनाच असतात. त्या वर्षासाठी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी, लागेल. भारतात परत जाऊन काम करायचं असेल, तर आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणीचं निघण्यापूर्वीच लेखी विचारून ठेव.

अजून वर्ष हातात असेल तर एखाद्या संशोधन प्रकल्पात शिर, आणि 'आर' ही आकडेवारीच्या विश्लेषणाची संगणकभाषा शीक. अर्जासोबतच्या स्टेटमेंटचा (तुला काय आणि का शिकायचंय ते सांगणारा निबंध) मसुदा झाला की पाठव. पहिल्या परिच्छेदात तुझं बालपण नको, तुझा प्रश्न हवा.