'रिसीट' आणि मी पुढे सरकवलेली खुर्ची

कांदोळीच्या हॉटेलात नव्याने रुजू झाल्यावर पाहुण्यासमोर आपण पावतीला 'रिसिप्ट' म्हणालात आणि शेजारचा सहकारी हसला, हे आपण लिहिलेले वाचून मला माझेच जुने दिवस आठवले. त्यातला 'प' उच्चारायचा नसतो, 'रिसीट' म्हणायचे असते, हे आपल्याला त्या हसण्यातूनच कळले असेल, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

मी डिचोलीच्या मराठी शाळेत शिकलेली. कळंगुटला काउंटरवर बसायचे ठरले तेव्हा धास्तीने इंग्रजी संभाषणाच्या एका वर्गाला तीन महिने गेले. वर्गाचे नाव घेत नाही, फी मात्र अजून आठवते. तिथल्या सरांनी 'रिसिप्ट' असाच उच्चार सांगितला आणि मी तो देवनागरीत वहीत उतरवून, खाली लाल रेघ ओढून पाठ केला. सर चुकले हे खरे, पण मला महागात पडले ते माझे लिहून घेणे. देवनागरीत जे लिहिले तेच वाचायचे ही आपली लहानपणापासूनची सवय असल्यामुळे त्या अक्षरांवर पुन्हा संशय घ्यावा असे मनातच येत नाही, आणि शब्दाच्या कोणत्या भागावर जोर द्यायचा हेही त्यात दिसत नाही.

एका संध्याकाळी एका वृद्ध इंग्रज बाईंनी पैसे दिले आणि काहीतरी मागितले. मला फक्त 'सीट' ऐकू आले. मी लगबगीने बाहेर येऊन त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. त्या बिचाऱ्या संकोचाने बसल्या, आणि थोड्या वेळाने तळहातावर बोटाने लिहिल्यासारखे करून दाखवले, तेव्हा पावती हवी आहे हे माझ्या डोक्यात शिरले. या शब्दात सगळा जोर 'सीट'वर असतो आणि 'रि' जवळजवळ गिळला जातो. माझा कान मात्र 'प'ची वाट पाहत राहिला होता.

हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याच्या स्पेलिंगमध्ये 'पी' नव्हता. लॅटिन मूळ दाखवण्याच्या हौसेने तो पुढे घातला गेला. फसवणूक या अर्थाचा 'डिसीट' त्याच कुळातला असूनही त्यातून सुटला. गोव्याच्या माणसाने याचे नवल करू नये, कारण डिचोलीचे रोमन स्पेलिंग 'बी'ने सुरू होते आणि साखळीच्या स्पेलिंगच्या शेवटी 'एम' असतो.

मी भाषेची शिक्षिका नाही, तेव्हा पुढचे अनुभवापुरतेच घ्यावे. 'रिसीव्ह' आपण बरोबर म्हणतो. तोच उच्चार ठेवून शेवटी 'व्ह'च्या जागी 'ट' आणावा. 'रिसेप्शन'मधला 'प' मात्र उच्चारायचा असतो, आणि तो शब्द काउंटरवर दिवसभर तोंडात असल्यामुळेच घोटाळा होतो, असे मला वाटते. इंटरनेटवरच्या इंग्रजी शब्दकोशात उच्चार पाहताना छोटी उभी रेघ शोधावी. जोर तिच्या लगेच पुढच्या भागावर असतो. उच्चाराचा आवाज तिथेच ऐकावा आणि त्यानंतरच काही लिहायचे ते लिहावे. परदेशी ढंग शिकवणाऱ्या वर्गांना पैसे देऊ नयेत, हे माझे ठाम मत आहे, कोणाला पटो न पटो.

आणि वरिष्ठांपैकी कोणी 'रिसिप्ट' म्हणाले तर पाहुण्यासमोर त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका. आमचे जुने कॅशिअर निवृत्त होईपर्यंत तसेच म्हणत, आणि त्यांच्याकडून पावती न घेता कोणी पाहुणा परत गेल्याचे मी पाहिले नाही.