कोरड्या हवेतला घाम, कूलर आणि कांदा

प्रश्न : एकाच जिल्ह्यात असूनही मालेगावचा पारा नाशिकपेक्षा दोन-तीन अंशांनी चढा का असतो? (मालेगाव)

पहिलं कारण उंची. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, मालेगाव साधारण ४४० मीटरवर. कोरडी हवा १०० मीटर खाली उतरली की जवळपास १ अंशाने तापते. म्हणजे दीड अंश इथेच निघाला. दुसरं कारण पश्चिमेचा वारा. दुपारनंतर समुद्राकडून येणारी हवा घाटमाथा ओलांडून नाशकाला थोडा तरी दिलासा देते. मालेगावपर्यंत जाताना तिचा गारवा संपलेला असतो. त्यातच पिकं निघून उघडी पडलेली काळी रानं. जमिनीत ओल असली की उन्हाची बरीच ताकद पाणी आटवण्यात खर्च होते, ओल संपली की तीच ताकद माती आणि हवा तापवते.

एक गोष्ट नाशिककरांनीही लक्षात ठेवावी. जाहीर होणारा आकडा झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, सावलीत मोजलेला असतो. भर उन्हात, तापलेल्या मातीवर वाकलेल्या माणसाचे हाल त्या आकड्यावरून कळत नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे उन्हाळ कांद्याच्या काढणीला मजूर असतात. कुणाला ऊन लागलं तर नेमकं काय करायचं? खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे खरं का? (निफाड)

खरं नाही. जेवताना कांदा जरूर खा, पण खिशातला कांदा अंगाची उष्णता उतरवत नाही.

आधी माणसाशी बोला. चक्कर, मळमळ, पायात गोळे येताहेत, पण उत्तरं नीट देतोय, तर सावलीत आडवं करून घोट घोट पाणी द्या. बरळतोय, तोल जातोय, झटके येताहेत किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात धरा. अंगाला घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कष्टाचं काम करणाऱ्याला उष्माघातातही घाम असू शकतो. १०८ ला फोन लावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबून राहू नका. कपडे सैल करा, जमतील तेवढे काढा, अंगावर भरपूर पाणी ओता आणि जोरात वारा घाला. मान, काखा आणि जांघेत ओली फडकी किंवा बर्फ ठेवा. नळीत उन्हाने तापलेलं पाणी असतं, ते आधी वाहू द्या. फवारणीचा पंप मात्र वापरू नका, त्यात औषधाचा अंश राहिलेला असतो. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, कुशीवर वळवा. तापाची गोळीही नको. हा ताप नाही, ती इथे चालत नाही.

आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम येता येताच वाळतो. त्यामुळे अंग कोरडं वाटतं आणि किती पाणी गेलं ते कळत नाही. सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग दिसले की समजा, भरपूर गेलं. तहानेची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी एक पेला पाणी हवं. ओआरएसचं पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घाला. मीठ अंदाजाने वाढवू नका.

नव्या माणसाचं शरीर उन्हाला सरावायला एक-दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी त्याला नेहमीच्या पाचव्या हिश्शाइतकंच काम द्या, मग रोज तेवढंच वाढवा. आणि कडक उन्हाच्या दिवसांत काम उक्तं देऊ नका. एकराच्या हिशेबाने पैसे मिळणार असले की माणूस तहान मारून काम रेटतो.

प्रश्न : कूलर एप्रिलमध्ये छान चालतो, जूनमध्ये नुसतं चिकट होतं. बर्फ टाकल्याने फरक पडेल का? (सिडको, नाशिक)

फारसा नाही. कूलर थंड करतो तो पाण्याची वाफ करून. १ किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सुमारे सातपट उष्णता १ लिटर पाणी वाफ होताना घेतं. ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर चांगला कूलर २६-२७ अंशांची हवा देतो. ३६ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत तोच २९-३० च्या खाली उतरत नाही, वर खोलीत दमटपणा भरतो. तेव्हा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा.

एप्रिलमध्येही खोली बंद ठेवू नका. कूलरच्या समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर ओली हवा कोंडते. बोअरचं पाणी असेल तर पॅडवर क्षार बसून वारा अडतो. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होते.

प्रश्न : चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर कोठीत) भरलेला कांदा वरून चांगला दिसतो, पण महिनाभरात सडायला लागतो. (येवला)

बहुतेकदा कांदा उन्हात भाजलेला असतो. काढल्यावर पातीसह तीन ते पाच दिवस शेतात सुकवा, पण एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असा पसरा. उघडा राहिलेला कांदा एका बाजूने पांढरट, मऊ पडतो आणि सड तिथूनच सुरू होते. मान दोन-तीन सेंटिमीटर ठेवून पात कापा. मग सावलीत दहा-पंधरा दिवस ठेवून, जोड (दोन जुळलेले) आणि डेंगळे (फुलाचा दांडा आलेले) कांदे वेगळे काढूनच चाळ भरा. थर ५ फुटांपेक्षा उंच नको, आणि तळाखाली दीड-दोन फूट मोकळी जागा हवी. ती गोणपाटाने किंवा सामानाने बंद झाली की खालचा थर आधी जातो.