नागपुरात राहूनच मास कॉमचं एमए करावं का?

तुम्ही लिहिलंय की घर भंडाऱ्याजवळ आहे, बीए मराठी माध्यमातून झालं, आणि नागपूर विद्यापीठातून मास कॉमचं, म्हणजे पत्रकारिता आणि जनसंवादाचं, एमए करायचं मनात आहे. पण घरचे म्हणतात, "करायचंच तर पुण्याला जा, नाहीतर मुकाट्यानं बीएड कर." माझं म्हणणं सरळ आहे. करा, आणि नागपुरातच करा. मी उमरेडहून एसटीनं ये-जा करत ही पदवी घेतली आणि गेली नऊ वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर आहे.

घरच्यांना एवढं सांगा की नागपूरला पत्रकारिता शिकवणं नवं नाही. १९५२ साली हिस्लॉप कॉलेजात हा विभाग उभा राहिला, तेव्हा सिराक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वूल्सली अमेरिकेहून इथे शिकवायला आले होते. 'हितवाद' १९११चा, 'तरुण भारत' १९४४चा, आकाशवाणीचं केंद्र १९४८चं, आणि 'लोकमत' दैनिक झाला तोही इथेच, १९७१ला. पुण्याची रानडे इन्स्टिट्यूट चांगलीच आहे, पण तिथे राहण्या-जेवणाचा खर्च घरावर पडतो. एका वर्षाचा डिप्लोमा पुरणार असेल तर अमरावतीला आयआयएमसीचं, म्हणजे भारतीय जनसंचार संस्थेचं, केंद्र आहे, तिथे मराठी पत्रकारिता शिकवतात. तेही बघून ठेवा.

आता शिकण्याचं. चार सत्रांत थिअरी, वृत्तसंकलन, संपादन, रेडिओ, टीव्ही, जाहिरात, जनसंपर्क, माध्यमांचे कायदे, संशोधन असं सगळं येतं. पोरं थिअरीला कंटाळतात. मीही 'अजेंडा सेटिंग' परीक्षेपुरतंच पाठ केलं होतं: मॅकोम्ब्स आणि शॉ या संशोधकांनी १९६८च्या अमेरिकन निवडणुकीत चॅपल हिल गावातल्या शंभर मतदारांना कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात ते विचारलं, त्यांची उत्तरं तिथल्या बातम्यांशी ताडून पाहिली, आणि दोन्हींत फार मोठं साम्य निघालं. पेपर ज्याला मोठं करतो तेच लोकांना मोठं वाटू लागतं.

हे खरं समजलं ते डिसर्टेशनच्या, म्हणजे लघुप्रबंधाच्या, वेळी. १९५३च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी इथे व्हावं असं ठरलं, आणि ते साधारण डिसेंबरात भरतं. मी ग्रंथालयात बसून एका पेपरच्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या फायली काढल्या आणि विदर्भाच्या अनुशेषाच्या, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या कामांच्या, बातम्या पट्टीनं मोजल्या, कॉलम सेंटिमीटरमध्ये. बोटं शाईनं काळी व्हायची. डिसेंबरात पहिल्या पानावर आठ कॉलमी हेडिंग असलेला सिंचनाचा प्रश्न अधिवेशन उठल्यावर आतल्या पानावर गेला, मग एका कॉलमात आला, आणि फेब्रुवारीत दिसेनासा झाला. धरणाचं काम तर तिथेच होतं! त्या दिवसापासून माझी पेपर वाचायची रीतच बदलली. आजही पान लावताना मी स्वतःला विचारतो, गेल्या महिन्यात आपण ज्याच्यावर ओरडलो त्याचा फॉलोअप कुठे आहे?

दुसरी शाळा रस्त्यावरची. विधान भवनात विद्यार्थ्याला सहज शिरता येत नाही, पण अधिवेशनाच्या काळात यशवंत स्टेडियमपासून मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर किंवा टेकडी रोडवर पोलीस ते अडवतात, आणि माणसं तिथेच डांबरावर बसतात. आमच्या सरांनी आम्हाला अंगणवाडी सेविकांच्या मोर्चात पाठवलं होतं. मी येऊन लिहिलं, "हजारो संतप्त महिलांनी परिसर दणाणून सोडला." सरांनी 'हजारो'वर लाल गोल केला: मोजल्या का? 'संतप्त'वर दुसरा गोल: कोण, काय म्हणाली? माझ्या वहीत एकही नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत गेलो. एका रांगेत किती, रांगा किती, असं मोजत शेवटपर्यंत चाललो. गडचिरोलीकडच्या एक ताई पिशवीतून भाकर काढून खात होत्या. मानधन किती, ते किती महिन्यांपासून थकलंय, घरून कधी निघालात, एवढंच विचारलं. त्यांनी भाकरीचा तुकडा माझ्याही हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. ती कॉपी, म्हणजे लिहून दिलेली बातमी, सरांनी जवळजवळ तशीच ठेवली.

मराठी माध्यमाचा संकोच तर मुळीच धरू नका. इंग्रजी वाचता आलं पाहिजे, ते रोज थोडं वाचून जमतं. पण तुमच्या कानात आपल्या पूर्व विदर्भाची झाडीबोली आहे, धानाचा रोवणा तुम्ही पाहिलाय, मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, जुन्या मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या काळातले, हे तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही. एकदा आमच्याकडे बाहेरून आलेल्या एका उपसंपादकानं बातमीत 'मामांचे तलाव' असं करून ठेवलं होतं; पान छपाईला जायच्या दहा मिनिटं आधी माझ्या नजरेस पडलं. भंडारा-गोंदियातलं माणूस डेस्कवर असलं तर ही चूक होतच नाही. असं माणूस आम्हाला खरंच हवं आहे.

इंटर्नशिपबाबत मात्र सावध राहा. मी ज्या पेपरमध्ये केली तिथे पूर्ण महिना प्रेसनोटा टाइप करायला लावल्या, एकदाही बाहेर पाठवलं नाही. मला राग आला होता आणि तो रास्त होता. जाण्याआधीच विचारा: बीटवर, म्हणजे बातमीदाराला नेमून दिलेल्या क्षेत्रात, कुणाबरोबर पाठवणार? लिहिलेली कॉपी कोण तपासून देणार?

सुरुवातीचा पगार कमी असतो, हे घरच्यांपासून लपवू नका. पण रस्ता एकच नाही. डेस्क, रेडिओ, पोर्टल, संस्थांचा जनसंपर्क, अनुवाद आहे. राज्य सरकारच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या पदांना ही पदवी चालते. कॉलेजात शिकवायचं असेल तर त्यासाठीच्या नेट-सेट पात्रता परीक्षांना हा विषय आहे.

प्रवेश घेतलात तर पहिल्या सत्रातच डिसेंबर येईल. तेव्हा वही घेऊन टी पॉइंटवर या, आणि लिहिलेली कॉपी मला पाठवा. लाल पेन घेऊन मी वाचेन.