वास्तुकलेसाठी मॅकबुक घ्यावे का?

प्रश्न: माझी मुलगी पुण्यात वास्तुकलेच्या पहिल्या वर्षाला असून तिला मॅकबुक हवे आहे. एवढा खर्च योग्य ठरेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: किमतीआधी तिच्या महाविद्यालयात कोणती सॉफ्टवेअर शिकवतात, ते विचारून घ्यावे. ऑटोकॅड आणि स्केचअप ही आरेखनाची सॉफ्टवेअर मॅकवर चालतात. इमारतींची त्रिमितीय प्रारूपे करण्याचे रेव्हिट मात्र केवळ विंडोजसाठी आहे, आणि २०२० च्या अखेरीस ॲपलने इंटेलऐवजी स्वतःची चिप वापरायला सुरुवात केल्यापासून, मॅकवर विंडोज स्वतंत्रपणे बसवण्याची बूट कॅम्पची सोय नव्या यंत्रांत उरलेली नाही. मॅकमध्येच विंडोज चालवणाऱ्या पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरचा मार्ग आहे, पण त्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात आणि मोठी त्रिमितीय प्रारूपे त्यात अडखळू शकतात. म्हणून रेव्हिट अनिवार्य असल्यास, मुलीची नाराजी पत्करूनही, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला विंडोज लॅपटॉपच घ्यावा.

तशी अट नसेल, तर मॅकबुकची टिकाऊ बॅटरी आणि जुन्या यंत्राला मिळणारी बरी किंमत जमेस धरता येते. मात्र मेमरी (रॅम) नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे १६ जीबीपेक्षा कमी घेऊ नये. विद्यार्थ्यांसाठीची सवलत खरेदीपूर्वीच विचारावी.