हाताच्या लिम्फेडेमासाठी पंपाचं १५ सिटिंगचं पॅकेज घ्यावं का? फिजिओथेरपीने सूज कायमची जाते का?

नुसत्या पंपाचं पॅकेज घेऊ नका. आणि लिम्फेडेमाची, म्हणजे लसिका (लिम्फ) हा द्रव अडून आलेली सूज कायमची जात नाही, आटोक्यात येते. ती आटोक्यात ठेवायची म्हणजे काय करायचं, हे तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही.

तुम्ही सगळं नीट लिहिलंय. आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, रेडिएशन झालं, दीड वर्षाने उजवा हात सुजला. पंप किती कप्प्यांचा, रोज किती मिनिटं, हेही लिहिलंय. पण सिटिंग संपल्यावर हाताला पट्टी कोण बांधणार, याचा एका शब्दाने उल्लेख नाही. म्हणून हे लांबलचक उत्तर. मी नागपुरातच हेच काम करतो, आणि या शहरात मशीन भाड्याने मिळते तितक्या सहज पट्टी बांधणारा मिळत नाही.

पंप हवेच्या पिशव्यांनी दाब देऊन हातातलं पाणी वर ढकलतो. पण लिम्फेडेमातला द्रव म्हणजे नुसतं पाणी नाही, त्यात प्रथिनं असतात. पाणी सरकतं, प्रथिनं बऱ्याच अंशी तिथेच राहतात आणि पुन्हा पाणी ओढून घेतात. एक तासाने टेप लावली तर हात बारीक, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच. लघवीच्या गोळ्यांचंही हेच होतं. शिवाय गाठी काढल्याने लसिकेचा काखेतला रस्ता बंद आहे, त्यामुळे ढकललेलं पाणी दंडाच्या वरच्या टोकाशी, काखेमागे आणि छातीच्या कडेला जाऊन बसतं. तिथे कडक वळी तयार झाली की ती सोडवायला हातापेक्षा जास्त वेळ लागतो. पंप वापरायचाच असेल तर आधी छाती-पाठीचा रस्ता हाताने मोकळा करून, हातासाठी साधारण ३० ते ४० मिमी (पाऱ्याच्या) दाबावर, आणि काढल्याबरोबर लगेच पट्टी. तेवढाच त्याचा उपयोग. जोडधंदा म्हणा.

आता पट्टी. क्रेप नाही, शॉर्ट स्ट्रेच. या दोन्हीत काय फरक आहे यावर माझे इथल्या एका समव्यवसायी मित्राशी वाद होत आलेत. त्याचं म्हणणं, क्रेप स्वस्त आहे, दिसायला तीच आहे, पेशंटला काय कळतं. पेशंटला नाही कळत, हाताला कळतं. क्रेप खूप ताणली जाते आणि हात स्थिर असतानाही आवळत राहते, झोपेतही. स्नायू आखडला की मात्र ती फुगते, म्हणजे जिथे दाब हवा तिथे मिळत नाही. शॉर्ट स्ट्रेच जेमतेम ताणली जाते. हात शांत असताना दाब कमी, आणि मूठ वळली की स्नायू त्या न ताणणाऱ्या भिंतीवर आपटतो, दाब एकदम वाढतो, मूठ सोडली की उतरतो. लसिकेला नळ्यांतून पुढे ढकलतो तो हा चढउतार. म्हणून ही पट्टी बांधून बसून राहिलं तर फायदा अर्धाच.

सक्करदऱ्याकडच्या एका काकूंचा हात यावरून सांगतो, कारण त्यात सगळ्या चुका एकत्र होत्या. आधी पंप झाला होता. मग कुणीतरी सांगितलं म्हणून घरी मनगटापासून कोपरापर्यंत क्रेप, वर पत्र्याच्या पिना. त्यावरून सर्जिकलच्या दुकानातून 'मीडियम' मापाची स्लीव्ह, म्हणजे दाब देणारी घट्ट बाही. परिणाम असा की पंजा पुरीसारखा फुगला, बोटांत खाच पडत नाही, कोपराच्या वर दुसरी फुगवटी. दाब मधोमध होता, दोन्ही टोकं मोकळी, पाणी टोकांना गेलं. मधल्या बोटाच्या मुळाशी कातडीची चिमूट धरता येत नव्हती, म्हणजे तिथे त्वचा जाड व्हायला लागली होती. हे तपासायला मशीन लागत नाही, आईच्या हातावर आज करून पाहा.

त्यांना जे बांधलं ते असं. आधी हात धुऊन कोरडा, साधं वास नसलेलं मॉइश्चरायझर. मग सुती जाळीची नळी, म्हणजे स्टॉकिनेट, पंज्यापासून काखेपर्यंत, अंगठ्याला भोक पाडून. मग बोटं. चार-पाच सेंटिमीटर रुंदीची पातळ गॉज पट्टी मनगटाला एक वेढा देऊन पंज्याच्या पाठीवरून बोटावर न्यायची, नखाच्या मुळापासून खाली दोन-तीन वेढे, पुन्हा पंज्याच्या पाठीवरून पुढच्या बोटाकडे. टोकं उघडी ठेवायची, रंग पाहता यावा म्हणून. पट्टी तळहातावर गोळा होऊ द्यायची नाही. मग दहा सेंटिमीटरचा सॉफ्टरोल, म्हणजे मऊ अस्तराची गुंडाळी, दोन लागतात, कोपराच्या खळग्यात दुहेरी. पंज्याची पाठ सपाट असते, आणि सपाट जागेवर पट्टीचा दाब बसत नाही, म्हणून तिथे फोमचा तुकडा ठेवून ती गोल करायची. ही एक गोष्ट सोडली की पंजा कधीच उतरत नाही. नेमकी हीच सोडली जाते.

मग शॉर्ट स्ट्रेच. सहा सेंटिमीटरची पंजा आणि मनगटाला, बोटं फाकवून. आठची मनगटापासून कोपराच्या पुढे, मूठ वळवून. दहाच्या दोन मनगटापासून काखेपर्यंत. प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर. ताण सगळीकडे सारखा. खाली जास्त दाब हवा म्हणून खाली जास्त ओढायचं नाही, खाली थर जास्त द्यायचे. मनगट बारीक असल्यामुळे त्याच ताणात तिथे दाब आपोआप जास्त बसतो. शेवट चिकटपट्टीने, पिना फेकून द्या, त्या टोचतात आणि या हातात टोचणं परवडत नाही. बांधून झाल्यावर नख दाबून सोडा, दोन-तीन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. मुंग्या, निळेपणा, ठणका असेल तर 'सवय होईल' म्हणत थांबू नका, लगेच सोडा.

ही पट्टी साधारण २२-२३ तास. दुसऱ्या दिवशी ती ढिली झालेली असते, आणि ढिली झाली म्हणजे काम झालं. सोडायची, आंघोळ, मसाज, पुन्हा बांधायची. असे दोन ते चार आठवडे. पहिल्या आठवड्यात माप भराभर खाली येतं, मग मंदावतं.

माप घ्यायची पद्धत घरीच शिका, म्हणजे कुणी 'फरक पडला' म्हणालं तर पडताळता येईल. मनगटाच्या हाडापासून दर चार सेंटिमीटरवर बॉलपेनची खूण, दोन्ही हातांना, शिवणकामाच्या टेपने घेर, टेप आवळायची नाही. प्रत्येक घेराचा वर्ग करा, ३.१४ ने भागा, बेरीज करा; उत्तर जवळपास मिलिलिटरमध्ये येतं. म्हणजे एका खुणेवर चांगल्या हाताचा घेर ३० आणि सुजलेल्याचा ३३ असेल तर त्या चार सेंटिमीटरच्या तुकड्यातच साधारण ६० मिलिलिटर जास्त आहे. तीन सेंटिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. वेळ ठरलेली ठेवा, सकाळी पट्टी सोडल्याबरोबर.

माप सलग काही दिवस एकाच जागी थांबलं की स्लीव्हचं माप द्यायचं, आधी नाही. सुजलेल्या हाताच्या मापाची स्लीव्ह महिन्याभरात बाहीसारखी लोंबते. कपाटात पडलेल्या बहुतेक स्लीव्हची गोष्ट हीच असते. हाताला सहसा क्लास वन किंवा टू (दाबाची प्रतवारी) लागतो, पंजा सुजत असेल तर पंज्याचा वेगळा तुकडा हवाच. दोन घ्या, एक धुवायला. रोज वापरली तर सहा महिन्यांत तिचा दम संपतो, दिसायला चांगली असली तरी.

मसाजबद्दल. आम्हाला मालिशवाले म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. यात तेल नसतं, कारण हात घसरला की कातडी ताणली जात नाही, आणि काम कातडी ताणण्याचं असतं. जोर नसतो, कारण लसिकेच्या या नळ्या कातडीलगत असतात. गरम तेलाने चोळलं तर रक्तपुरवठा वाढून पाणी आणखी येतं. सुरुवात सुजलेल्या हातापासून कधीच नाही. व्हरायटी चौकात जाम असेल तर मागच्या गाडीने हॉर्न वाजवून काय होणार, पुढचा सिग्नल मोकळा हवा. आईसाठी क्रम असा: पोटातून खोल श्वास पाच-सहा, मानेच्या दोन्ही बाजूंना हंसळीच्या वरच्या खळग्यात हलके गोल, मग डाव्या काखेत दहा-पंधरा, मग उजव्या जांघेत. मग छातीवरून उजवीकडून डावीकडे, आणि उजव्या कुशीवरून खाली जांघेकडे कातडी सरकवायची. यानंतर उजवा खांदा, दंड, कोपर, मनगट, पंजा. प्रत्येक टप्प्यावर दिशा वरच. घरी वीस मिनिटं पुरतात. रेडिएशनने कडक झालेल्या किंवा जळलेल्या कातडीवर हात लावायचा नाही.

आता तो मित्राचा ठेवणीतला मुद्दा, की नागपूरच्या उन्हाळ्यात पट्टी अशक्य, मशीनच बरी. मे महिन्यात ४५ अंश असतं, मलाही दिसतं. निवड असेल तर पट्ट्यांचे ते आठवडे दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उरकावेत, हे मान्य. पण उन्हाळ्यात सूज मुळातच वाढते, म्हणजे दाब सोडायची सगळ्यात वाईट वेळ तीच. सकाळी सहाला बांधा, दुपारी कूलरसमोर बसा. आपली कोरडी हवा इथे कामाला येते: स्लीव्हवर पाण्याचा फवारा मारला की ती वाळेपर्यंत हात गार राहतो. पट्टीवर मात्र फवारा नको, आतला सॉफ्टरोल ओला राहिला तर कातडी भिजून फाटते. खरा त्रास मे महिन्याचा नाहीच, जुलै-ऑगस्टचा आहे, दमट हवेत बोटांच्या बेचक्यात बुरशी येते. तेव्हा स्टॉकिनेट रोज बदला, बेचकं कोरडं करूनच बांधा. पट्ट्या कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, पिळू नका, दोरीवर लटकवू नका, आडव्या पसरून सावलीत वाळवा. लटकवली की स्वतःच्या वजनाने ताणली जाते आणि शॉर्ट स्ट्रेचची क्रेप होते.

'त्या हाताने काही उचलू नका' असं आईला सांगितलं गेलं असेल. लेकाला-लेकीला बरं वाटतं, खांदा मात्र आखडतो. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हाताला लिम्फेडेमा असलेल्या १४१ स्त्रियांचा अभ्यास आला. आठवड्यातून दोनदा हळूहळू वजन वाढवत व्यायाम करणाऱ्यांची सूज वाढली नाहीच, उलट सूज भडकण्याचं प्रमाण त्यांच्यात १४ टक्के आणि व्यायाम न करणाऱ्यांत २९ टक्के होतं. अर्थ असा नाही की उद्या गव्हाचं पोतं उचलावं. स्लीव्ह घालून, अर्ध्या किलोपासून किंवा वजनाशिवाय, दुसऱ्या दिवशी हात जड वाटला नाही तरच पुढे. कणीक मळणं, भिंतीवर बोटं चढवणं, मूठ उघडझाप, हे पट्टीसकट रोज. अंगावर वजन जास्त असेल तर ते उतरवणंही उपचारातच मोजा.

विदर्भात सुजलेला अवयव म्हटलं की लोकांना आधी हत्तीपाय आठवतो. त्यांचं काही चुकत नाही, फायलेरिया इथला जुना पाहुणा आहे, आणि तीन औषधांची एकत्र मोहीम देशात सुरुवातीला ज्या मोजक्या जिल्ह्यांत झाली त्यात नागपूर होतं. पण आईच्या हाताचं कारण काखेतल्या गाठी आणि रेडिएशन आहे, फायलेरियाच्या गोळ्यांनी तो उतरणार नाही. कुणी सुचवलं तर विचारात पडू नका.

पॅकेजचा दर योग्य आहे की नाही ते मी सांगत बसत नाही. तिथे जाऊन एवढंच विचारा: पट्टी रोज कोण बांधणार, आम्हाला बांधायला शिकवणार का, माप कुठल्या खुणांवर घेणार, स्लीव्हचं माप कधी. उत्तरात फक्त मशीनचं नाव आलं तर परत फिरा.

आणि हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं: पट्टीआधी आईच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना हात दाखवून घ्या. सूज काही दिवसांतच एकदम वाढली असेल, दुखत असेल, हंसळीवर किंवा काखेत गाठ लागत असेल, छातीवर शिरा उठून दिसत असतील, तर आधी डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) आणि तपासणी. शिरेत गुठळी असेल किंवा आजार परतला असेल तर गोष्टच वेगळी. हृदय कमजोर असून धाप लागत असेल तर मसाज आणि पंप हृदयाच्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नाही.

हात लाल, गरम, थंडी वाजून ताप, असं झालं की पट्टी, मसाज, पंप सगळं त्याच क्षणी बंद. लालीच्या कडेला पेनने रेघ मारा आणि त्याच रात्री डॉक्टर गाठा, सकाळची वाट पाहू नका. अँटिबायोटिक सुरू होऊन ताप आणि ठणका गेल्यावर पट्टी पुन्हा सुरू करता येते, सुरुवातीला कमी थरांनी.