मकाऊमध्ये पोर्तुगीज काळातल्या सरकारी इमारती बघण्यासारख्या आहेत का? आत सोडतात का?

तुम्ही लिहिलंय की हाँगकाँगहून एकच दिवस मकाऊला चाललोय, तर या इमारतींसाठी वेळ काढावा की सरळ कसिनो गाठावा. कसिनोच करायचा असेल तर पणजीला मांडवीत बोटी उभ्या आहेत की, त्यासाठी एवढं विमानाचं भाडं कशाला भरताय. इमारतीच बघा. आणि सगळे जी बघतात ती नाही, मी सांगतो ती बघा, मूरिश बॅरॅक्स, म्हणजे शिपायांना राहायला बांधलेली जुनी इमारत.

आम्ही २०१९ ला ग्रुप टूरने गेलेलो. टूरवाल्याने सेनादो चौकात वीस मिनिटं दिली आणि नंतर कसिनोत तीन तास "फ्री टाइम". बायको म्हणाली तुम्ही या भटकून, मी इथे एसीत बसते. तिला ठाऊक होतं मी कुठे जाणार ते, कारण निघायच्या आधी महिनाभर घरात तेच चाललेलं.

मी मूळचा डिचोलीचा, आता ठाण्यात. आमच्या आजीकडे लाखेची काळी पेटी होती, झाकणावर सारस पक्षी, एक बिजागरी तुटलेली, आत सुपाऱ्या ठेवायची. तिला घरात सगळे "मकावची पेटी" म्हणायचे. आजी सांगायची की तिच्या सासऱ्यांचे कोणी चुलते मकावला पोलिसात होते, त्यांनी आणली. माझा चुलतभाऊ, वयाने मोठा म्हणून दादा म्हणतो त्याला, त्याचं ठाम मत की ही थाप आहे, पेटी म्हापशाच्या बाजारातली, आणि पोर्तुगीज आपल्या लोकांना कशाला तेवढ्या लांब नेतील. गेली वीस वर्षं प्रत्येक चतुर्थीला हा विषय निघतो आणि प्रत्येक वेळी तोच शेवटी हसतो.

तर मी चौकातून चालत निघालो. सेंट ऑगस्टिन चर्च, दोम पेद्रो थिएटर, सेंट लॉरेन्स, लिलाऊचा छोटा चौक, असं चढउतार करत साधारण अर्धा पाऊण तास. रस्त्यांची नावं निळ्या टाइल्सवर, वर चिनी खाली पोर्तुगीज, पणजीच्या फोंताइनासमध्ये फिरलेल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटतं, फक्त वास वेगळा, सुक्या मासळीचा आणि उदबत्तीचा एकत्र. पुढे कालसादा दा बार्रा नावाच्या रस्त्यावर टेकडीला पाठ लावून एक लांबलचक पिवळी इमारत दिसते, पांढऱ्या कडा, टोकदार कमानी, बघितल्यावर वाटतं विजापुरातून कोणीतरी उचलून आणून ठेवली. हीच मूरिश बॅरॅक्स. १८७४ ला बांधली, कास्सुतो नावाच्या इटालियन माणसाच्या डिझाइनवर, आणि बांधली कोणासाठी, तर मकाऊच्या पोलिसांना मदत म्हणून गोव्याहून आणलेल्या शिपायांसाठी. हे मी सांगत नाही, तिथल्या पाटीवर लिहिलंय.

आता आत सोडतात का, तर नाही. तिथे बंदर आणि जहाजांचं सरकारी ऑफिस आहे, एक माणूस बगलेत फायली घेऊन घाईघाईत आत गेला तेवढाच दरवाजा उघडला. पण व्हरांडा मोकळा असतो आणि खरं बघण्यासारखं तेच आहे. इमारतीच्या तीन बाजूंनी फिरतो, चांगला चार मीटर रुंद. बाहेर अंगाची लाही होत होती आणि व्हरांड्यात गार, कमानींच्या सावल्या जमिनीवर एकामागे एक पडलेल्या. मी कठड्यावर हात ठेवून उभा राहिलो तर सिक्युरिटीवाला आला, हातात चहाचा थर्मास. मी छातीवर हात ठेवून "गोवा, गोवा" म्हटलं. त्याला वाटलं रस्ता चुकलोय, त्याने सभ्यपणे खाली आ-मा देवळाकडे बोट दाखवलं. मग मीच हसलो आणि फोटो काढून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला.

दादाचं उत्तर दोन मिनिटांत. "अरे नावच मूर आहे, मूर म्हणजे मुसलमान, त्यात आपला माणूस कुठून आला?" तिथे माझी सटकली. पोर्तुगीजांनी नाव काय ठेवलं त्यावरून आत राहणाऱ्याची जात धर्म ठरतो होय? हाँगकाँगलाच बघा, तिथे लस्कर रो नावाचा रस्ता आहे, त्याला तिथले कँटनीज बोलणारे चिनी लोक मोलो गल्ली म्हणतात, हे मोलो म्हणजे तोच मूर, आणि ते सरसकट हिंदुस्थानी माणसाला म्हणायचे, शीख असो नाहीतर आणखी कोणी. बांधणाऱ्यालाही हिंदुस्थानी शिपाई म्हटल्यावर मोगली कमानीच सुचल्या. साहेबाने जसं बघितलं तसं घर बांधलं, एवढाच अर्थ आहे त्याचा. हे सगळं मी तिथेच उन्हात उभा राहून टाइप केलं, त्यावर दादाचा फक्त अंगठा.

आणि "तेवढ्या लांब कशाला नेतील" म्हणे! १८४४ पर्यंत मकाऊ गोव्याच्या हाताखाली होतं. मकाऊला तोफा ओतणारा मानुएल तावारिश बोकारो, त्याचा बाप गोव्यात तोफा ओतायचा. मकाऊच्या लोकांचं बालिशांव चाखून बघा मिळालं तर, कोळंबीचं, आणि मग आपलं गोव्याचं बालचांव आठवा. गोव्याचा माणूस तिथे जाणं यात नवल काहीच नाही.

बाकीचं भराभर सांगतो. चौकातलंच लेआल सेनादो, १७८४ चं, म्हणजे जुनी नगरपालिका, तिथे आत सोडतात आणि फुकट. दारावर लिहिलंय की देवाच्या नावाच्या या शहराइतकं निष्ठावान दुसरं नाही. जिन्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पांढऱ्या टाइल्स, मागे छोटी बाग, वर लाकडी कोरीवकामाची जुनी लायब्ररी, तिची वेळ वेगळी असते ती बघून जा. प्राया ग्रांदचा गुलाबी राजवाडा १८४९ चा, तिथे सरकार बसतं, वर्षातून एखादा ओपन डे सोडला तर गेटवरूनच बघायचा. सेंट पॉलची ती एकटी भिंत सगळे बघतात, तुम्हीही बघालच, पण ते चर्च आहे, सरकारी इमारत नव्हे. त्याच्या शेजारचा मोंटे किल्ला मात्र चढा, वर तोफा आहेत आणि आत म्युझियम.

चीनला परत दिल्यावरही त्यांनी हे सगळं रंगरंगोटी करून नीट ठेवलंय, आणि वापरतातही. आपला गोवा पोर्तुगीजांकडून सुटला १९ डिसेंबरला, मकाऊ चीनला परत गेलं २० डिसेंबरला, मध्ये ३८ वर्षं. पणजीतल्या किती जुन्या घरांच्या खिडक्यांतून पिंपळ उगवलाय ते जाऊन बघा एकदा.

हं, आणि भारतीय पासपोर्टवर मकाऊला व्हिसा लागत नाही, पण हाँगकाँगसाठी आधी ऑनलाइन नोंदणी लागते, आणि परत हाँगकाँगला यायचं असेल तर ती चालेल ना हे आधी बघा. नियम बदलतात, माझ्या भरवशावर राहू नका. बोटीने तासाभरात पोचता, पुलावरून बसही आहे. बूट चांगले घाला, काळ्यापांढऱ्या दगडांची फरसबंदी पावसात फार निसरडी होते.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आजीच्या सासऱ्यांचा तो चुलता खरंच त्या व्हरांड्यात राहिला का, याचा कागद माझ्याकडे नाही, त्याचं नावसुद्धा कोणाला आठवत नाही. पेटी म्हापशाची असेलही. पण गोव्याचे शिपाई तिथे होते, हे आता दादाला नाकारता येत नाही. या चतुर्थीला तो म्हणाला, "होते रे, पण आपले नव्हते." पेटी सध्या त्याच्याच कपाटात आहे, मागितली तर देत नाही.