पहिलं स्कीइंग: गुलमर्ग, औली की सोलंग?

अरे, पहिल्यांदाच जातोयस ना, मग माझं मत गुलमर्ग. तिथला गोंडोला, म्हणजे केबल कार, वरच्या टप्प्यात अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळपास 3,950 मीटरवर नेऊन सोडतो. ते फोटो बघून हुरळू नकोस. तो उतार मुरलेल्यांचा, शिवाय हिमस्खलनाचा धोका. तुझं काम खाली, मैदानालगतच्या बुटक्या उतारावर. पहिले दोन दिवस पडायचं, उठायचं आणि स्कीची पुढची टोकं जवळ आणून थांबायला शिकायचं, बस्स.

औली देखणी, समोर नंदादेवी. पण हरिद्वारहून औलीच्या पायथ्याचं जोशीमठ गाठण्यातच अख्खा दिवस गाडीत जातो, आणि बर्फाचा भरवसा गुलमर्गपेक्षा कमी. सोलंग मनालीच्या अगदी जवळ, म्हणूनच तिथे जत्रा. एका दिवसाची हौस भागते, शिकणं होत नाही.

जानेवारीअखेर ते फेब्रुवारी धर. बूट भाड्याने घेताना मात्र घाई करू नकोस. सोलंगला मी एक नंबर मोठे घेतले, आत दोन जोड मोजे कोंबले. संध्याकाळी नडग्या काळ्यानिळ्या! एकच मोजा घाल, आणि टाच बुटात उचलली जाता कामा नये.

हो, आणि आपलं प्रीपेड सिम काश्मीरात चालत नाही. पोस्टपेड ने.